कर्ता सांग

बारा दिवस, हेमांगी,
ती पिशवी कपाटात तशीच पडून होती.
सहा लंगोट, चापाची बटणं, एकावर मासे.
वाशीच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा तू काढली नव्हतीस.

मी आधी हिशेब मांडला तुझ्यापुढे:
दिवसाला सात, महिन्याला दोनशे दहा,
नचू दोन वर्षांचा होईतो पाच हजार.
तू त्याला खांद्यावर थोपटत म्हणालीस,
गणित पुरे. भाषेत बोल.

म्हणून भाषेत बोललो:
"कापडाचे वापरू. रोजच्या रोज धुतले जातील."

आणि तू, पालिकेच्या शाळेतली सातवीची बाई,
बाळंतपणाच्या रजेवर असूनही
हातात लाल पेन असल्यासारखी बघितलंस.
"धुतले जातील. कर्मणी प्रयोग.
कर्ता सांग."

पंखा फिरत होता.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
त्यालाही जमत नव्हतं.

मग तू आईचं सांगितलंस.
इथेच, कोपरखैरण्यात, माथाड्यांच्या घरांमागे,
सामायिक नळावर पहाटे चारला
चौघा पोरांची बाळोती,
थंडीनं फुटलेली बोटांची पेरं, त्यात सोडा.
आणि ओट्यावर बसून दात घासत तुझे चुलते म्हणायचे,
लेकराच्या शीला कसला वास, दूध तर पितंय!
"ज्यानं कधी धुतलं नाही
त्याला वास येत नाही," म्हणालीस
आणि दिवा घालवलास.

मी अंधारात पडून राहिलो.
तुला एक सांगितलं नव्हतं.
तुर्भ्याच्या वजनकाट्यावर माझी नोकरी:
गाडी भरून येते, रिकामी जाते,
मधला आकडा मी लिहितो.
परवा पोकलेननं जुना थर उकरला.
पेपरांचा भुगा, काळी पडलेली करवंटी,
आणि मधोमध ती,
गुंडाळून चिकटवलेली, पांढरी, फुगलेली,
जशी आत्ताच कुणी दाराबाहेर ठेवली.
ते पोर एव्हाना दहावीला असेल.
मी आकडा लिहिला. हात धुतले. डबा खाल्ला.

हे सांगून तुला गप्प करता आलं असतं.
पण तुझ्या आईची बोटं
मला त्या ढिगाखाली पुरायची नव्हती.

सकाळी म्हटलं, कर्ता मी.
मी धुईन. प्रथम पुरुष, एकवचन.
तू म्हणालीस, भविष्यकाळ.
आणि मोरीतल्या गळक्या नळाकडे बघितलंस,
ज्याला मी गणपतीपासून "उद्या करतो" म्हणतोय.

म्हणून काल रात्री पावणेतीनला
तुला न उठवता मासेवाला बांधला.
साडेचारला सोडला.
मोरीत उकिडवा बसलो. मोरब्याचं पाणी गार,
वडीचा साबण, पिवळा डाग हट्टी.
वास आला, हेमांगी.
चांगलाच आला.

उजाडल्यावर ग्रिलला वाळत घातला
तर समोरच्या घोरपडेकाकू:
"वहिनींना बरं नाही का?"
बरं आहे, म्हटलं. त्या तरी बघत राहिल्या.

तू चहाचा कप घेऊन आलीस,
बराच वेळ बोलली नाहीस.
मग चिमटा काढलास, लंगोट उलटा केलास.
"डाग उन्हाकडे असतो.
आणि आषाढात कुठे वाळवणारेस?"
आषाढाचं मला खरंच माहीत नाही.
"रात्री विकतचाच.
आईकडे जाताना विकतचाच."
चालेल.

"मी लंगोट धुतला," मी म्हटलं.
"हाही कर्मणीच," तू म्हणालीस,
"पण कर्ता आहे जागेवर."

आत नचू रडला. तू गेलीस.
मी कप विसळत होतो,
कपाटात पिशवी कुरकुरली.